फेडरलचं सेव्हन एमएम बॅककंट्री: नवं काडतूस घ्यावं का?

यंदा ज्याला भेटावं तो एकच विचारतोय, ते नवं सेव्हन एमएम बॅककंट्री घेऊ का, आणि विचारताना डोळे चमकलेले असतात, कारण सगळ्यांनी ८०,००० पीएसआय (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आणि स्टीलची पुंगळी (काडतुसाचं कवच) हे दोन शब्द ऐकलेले असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. काडतूस उत्तम आहे, मी स्वतः झाडून बघितलंय. पण तुमच्याकडे नीट चालणारी सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम, .२७० किंवा थर्टी-ऑट-सिक्स अशा जुन्या काडतुसाची रायफल असेल तर यासाठी नवी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. जो पहिलीच एल्क (इथलं मोठं हरीण) रायफल घेतोय आणि तिच्यावर सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) लावणारच आहे त्याने मात्र हे आधी बघावं. दोन्ही का, ते खाली.

आधी थोडं कुठून बोलतोय ते. मी कोलोरॅडोत राहतो, एल्क आणि म्यूल डिअरच्या मागे जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ते झालं ते योग्यच झालं, इथली व्यवस्था वेगळी आहे, कुठल्या भागात किती जनावरं मारायची ते राज्य ठरवतं, तेवढेच टॅग, म्हणजे परवाने, निघतात, आणि मारलेल्या जनावराचं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या माणसाला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय लायसन्सच मिळत नाही. गावाकडे आजोबा-मामांकडे पीक राखायला बाराबोअर होती एवढाच बंदुकीशी संबंध असलेले आपले बरेच लोक इथे येऊन हा कोर्स करतात आणि मग थेट दुकानात जाऊन सगळ्यात नवी वस्तू मागतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण दुकानदार नवीनच विकणार, त्याचं कामच ते.

आता हे काडतूस आहे काय. जानेवारी २०२५ मध्ये फेडरलने, म्हणजे मिनेसोटातल्या अनोकाच्या त्या जुन्या, १९२२ पासूनच्या कंपनीने ते बाजारात आणलं. गोळीचा व्यास तोच, .२८४ इंच, म्हणजे सेव्हन एमएम. हा व्यास काही आजचा नाही, १८९२ च्या ७ बाय ५७ माउझरपासून चालत आलाय. आपल्या सगळ्यांना माहीत असलेले जिम कॉर्बेट, त्यांना चंपावतची वाघीण मारल्याबद्दल बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे हेच ७ बाय ५७, आणि रुद्रप्रयागचा बिबट्याही तिनेच मारला. आजच्या मानाने ते काडतूस अगदी संथ. तेव्हा सेव्हन एमएमची गोळी काय करू शकते हा प्रश्न केव्हाच सुटलाय, गेली सव्वाशे वर्षं भांडण चाललंय ते तिला आणखी किती पळवायचं यावर.

पळवायला दाब लागतो आणि दाबाला आडवी येते ती पुंगळी. चाप ओढला की आतली दारू पेटते, गॅस होतो, तो चहूबाजूंनी ढकलतो. गोळी पुढे जाते, आणि पितळी पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या बॅरलच्या मागच्या भागाला, घट्ट चिकटते, त्यामुळे गॅस मागे येत नाही. पितळ या कामाला फार छान, लवचिक आहे, फुगतं आणि परत आखडतं. पण त्याला मर्यादा आहे. दाब फार वाढला की पुंगळीचं बूड वाहायला लागतं, प्रायमरची (दारू पेटवणाऱ्या टोपीची) खोबण सैल पडते, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उचलताना अडकतो, आणि त्याच्याही पुढे गेलात तर गॅस थेट तोंडावर. म्हणून अमेरिकेतल्या सॅमी या काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांमध्ये थर्टी-ऑट-सिक्स ६०,००० पीएसआयवर, सेव्हन एमएम रेम मॅग ६१,००० वर आणि .२७० विंचेस्टर किंवा नवीन सेव्हन एमएम पीआरसी ६५,००० वर थांबतात. आजवर जास्त वेग पाहिजे असेल तर उपाय एकच होता, मोठी पुंगळी, जास्त दारू, लांब बॅरल. फेडरलने पुंगळीचं पितळच काढून टाकलं. अख्खी पुंगळी एका तुकड्यात, त्यांच्या पीक अलॉय नावाच्या स्टीलची, आणि मर्यादा थेट ८०,००० वर नेली. सिग कंपनीचं .२७७ फ्युरी, ज्याचं भावंड अमेरिकन सैन्याने २०२२ मध्ये नव्या रायफलसाठी निवडलं, तेही ८०,००० चंच आहे, पण त्यात बूड स्टीलचं आणि अंग पितळेचं असा जोड आहे. इथे जोडच नाही.

याचा फायदा कंपनी असा सांगते की १७० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) टर्मिनल असेंट नावाची गोळी ३,००० फूट पर सेकंदाने जाते, आणि हे २० इंची बॅरलमधून. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. कारण हॉर्नडी कंपनीचं सेव्हन एमएम पीआरसी, २०२२ चं, तेही १७५ ग्रेनची गोळी ३,००० नेच पळवते, पण तो आकडा २४ इंची बॅरलचा आहे. असल्या मोठ्या काडतुसात बॅरल इंचभर कमी केली की साधारण २० ते ३० फूट वेग जातो, म्हणजे पीआरसी २० इंचात आणली की ती २,९०० च्या आसपास येते. तर खरा हिशोब हा आहे: पीआरसी २४ इंची असेल तर २० इंची बॅककंट्रीशी फरक शून्य, दोन्ही २० इंची असतील तर शंभरेक फुटांचा फरक. जाहिरात वाचून लोकांना वाटतं की वेगाचं नवं शिखर आलंय. तसं नाहीये. जुनाच वेग चार इंच कमी बॅरलमध्ये आलाय. ज्याला ते चार इंच कमी हवेत त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि ज्याला नकोत त्याच्यासाठी काहीच नाही.

चार इंच कमी कोणाला हवेत? सप्रेसरवाल्यांना. उघड्या रायफलचा बार १६० डेसिबलच्या पुढे जातो, १४० लाच कानाला कायमची इजा सुरू होते, आणि रानात जनावर समोर आलं की कोणी इअर प्रोटेक्शन शोधत बसत नाही. माझ्या आसपासचे कित्येक जुने शिकारी आज दोनदोनदा विचारल्याशिवाय ऐकू न येणारे आहेत, चांगले, हसतेखेळते लोक, पण नातवंडांचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, हे बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून मी सप्रेसरच्या पूर्णपणे बाजूने आहे. (सिनेमातल्यासारखा फुस्स आवाज होत नाही हां, गोळी आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पुढे असते, तिचा कडाका राहतोच, पण २०-३० डेसिबल कमी होतात आणि तेवढ्याने कान वाचतात.) १९३४ पासून सप्रेसरवर २०० डॉलरचा टॅक्स होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, कागदपत्रं, बोटांचे ठसे वगैरे तसंच आहे, पण पैसे वाचले, त्यामुळे आता भराभर लोक घेतायत. आणि सप्रेसर म्हणजे पुढे आणखी सहा-सात-आठ इंच नळकांडं. २४ इंची बॅरलला ते लावून ट्रकमधून उतरून बघा, किंवा पाठीला बांधून खाली पडलेल्या लॉजपोल पाइनच्या ओंडक्यांतून वाट काढून बघा, प्रत्येक फांदीला अडकतं. २० इंचावर लावलं की तीच रायफल हाताळायला सुटसुटीत होते. तर फेडरलने जो प्रश्न सोडवलाय तो खरा आहे, लोकांना छळणारा आहे, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

मी झाडली ती ऑफिसातल्या मित्राची सॅव्हेज, २० इंची, पुढे सप्रेसर. रेंजवर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून बसलो आणि वेग डब्यावर छापलेल्या आकड्याच्या अगदी जवळ आला, थोडा खाली, पण थंडी होती त्यामुळे तेवढं चालायचंच. १०० यार्डवर गोळ्या इंचभरात पडत होत्या, ३०० च्या स्टीलच्या पाटीवर दर वेळी टण्ण. मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते बोल्टचं. इतक्या दाबानंतर बोल्ट जड होणार असं गृहीत धरून बसलो होतो, पण तो रोजच्यासारखा वर आला, पुंगळी अलगद बाहेर. हातात घेऊन बघितली, चंदेरी, माझ्या मॅग्नमच्या पिवळ्या जाड पुंगळीपुढे चक्क सडपातळ, मागे तो मॅग्नमचा पट्टा नाही, प्रायमरच्या कडा अजून गोलाकार, चपटा झालेला नाही, बुडावर इजेक्टरची (पुंगळी बाहेर ढकलणाऱ्या खिळीची) चमकदार खूण नाही. पितळेच्या पुंगळीत याच्या जवळपास दाब नेला असता तर यातली प्रत्येक खूण दिसली असती. मी बराच वेळ ती फिरवून बघत होतो. बूड थर्टी-ऑट-सिक्सच्याच मापाचं असल्यामुळे मॅगझिनमध्येही मॅग्नमपेक्षा एखादं काडतूस जास्त मावतं, हा छोटा पण खरा फायदा.

धक्क्याचं म्हणाल तर लोक म्हणतात कमी आहे. तेवढ्याच वजनाची गोळी तेवढ्याच वेगाने गेली की धक्का साधारण तेवढाच बसणार, दारू थोडी कमी जळते म्हणून थोडासा कमी, आणि जो मोठा फरक जाणवतो तो सप्रेसरचा आहे, काडतुसाचा नाही. सहा पौंडाची हलकी कार्बन बॅरलवाली रायफल घेऊन त्यात हे घालणार असाल तर खांदा सांभाळा.

आता रानात काय होतं ते. मित्राने गेल्या सीझनला याच रायफलने एक मादी एल्क घेतली, अंतर २०० यार्डच्या आतच, दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार, ती काही पावलं चालली, थांबली, बसली. उत्तम, स्वच्छ शिकार. पण अगदी हेच मी .२७० ने झालेलं बघितलंय, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोरने झालेलं बघितलंय. एल्कच्या छातीचा मारा करायचा भाग एक-सव्वा फुटाचा असतो. कोलोरॅडोचा कायदा एल्कला काय मागतो तर किमान .२४ कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची फुलणारी गोळी, आणि १०० यार्डवर १,००० फूट-पौंड ऊर्जा. बॅककंट्रीची नळीच्या तोंडाशी ऊर्जा होते सुमारे ३,४०० फूट-पौंड. .२७० च्या १३० ग्रेनवाल्या साध्या काडतुसाची सुमारे २,७००. दोन्ही कायद्याच्या कितीतरी वर आहेत आणि एल्कला यातला फरक कळत नाही, गोळी कुठे लागली तो फरक कळतो.

शंभर फूट वेगाने मिळतं काय याचा हिशोब करू. दोनशे यार्डला झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम जुळवलेली रायफल, ३,००० ऐवजी २,९०० ने गोळी निघाली तर ४०० यार्डवर ती दीड-दोन इंच जास्त खाली जाते. दीड-दोन इंच! त्याच अंतरावर ताशी दहा मैलाचा आडवा वारा असेल तर गोळी सहा-सात इंच बाजूला जाते, आणि वारा दहाचा की पंधराचा हे ओळखण्यात आपण सगळेच चुकतो. आणि एक गोष्ट जी दुकानात कोणीच सांगत नाही, एल्क इथे नऊ-दहा हजार फुटांवर असतात, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा पाव हिस्सा विरळ असते, त्यामुळे प्रत्येकाचंच काडतूस तिथे आपोआप जास्त सरळ जातं, तुमची जुनी थर्टी-ऑट-सिक्ससुद्धा. रेंजफाइंडर चांगला असेल आणि स्कोपच्या (रायफलवरच्या दुर्बिणीच्या) चकत्या फिरवायची सवय असेल तर ते दोन इंच तुम्ही एक-दोन क्लिकमध्ये भरून काढता. माझं म्हणणं एवढंच की ४०० च्या पुढे ज्यांनी जाऊ नये त्यांना हा वेग पुढे जायचं धाडस देतो, आणि जखमी होऊन पळालेलं जनावर संध्याकाळच्या अंधारात रक्ताच्या थेंबांवरून शोधत फिरणं यासारखं वाईट काही नाही. वेगाने ते टळत नाही. सरावाने टळतं.

आणि सरावावरच सगळं येऊन अडतं, कारण पैसे. मला इथे दिसलेले भाव सांगतो, टर्मिनल असेंटचा वीसचा डबा शंभर डॉलरच्या घरात, त्यातल्या त्यात स्वस्त अशी याच काडतुसातली दुसरी गोळी, फ्युजन टिप्ड, साठ-सत्तरच्या आसपास. रेम मॅगचा बरा डबा चाळीस-पन्नासला मिळतो, थर्टी-ऑट-सिक्सचा त्याहून कमी. समजा वर्षाला शंभर काडतुसं झाडायची, जे मला अगदी किमान वाटतं, तर बॅककंट्रीच्या महागातल्या गोळीचे पाचशे डॉलर आणि रेम मॅगचे दोन-अडीचशे. प्रत्यक्षात काय होतं तर काडतूस महाग म्हणून माणूस सीझनआधी पाचसहा बार काढतो, झिरो बघतो, पेटी बंद करतो आणि रानात जातो. तसा माणूस शंभर फूट जास्त वेग असूनही, अडीचशे यार्डवर बसून, काठीवर टेकून, धाप लागलेली असताना नीट मारू शकणार नाही. जो दर महिन्याला रेंजवर जातो, गुडघ्यावर बसून, सॅकवर टेकून, वाऱ्यात झाडतो, त्याच्या हातात आजोबांच्या काळातली .२७० द्या, तो फ्रीझर भरून आणेल.

घरी काडतुसं भरणाऱ्यांचं तर आणखीच अवघड. पितळ मऊ असतं, साइझिंगच्या डायमध्ये (फुगलेली पुंगळी परत मापात आणणाऱ्या साच्यात) घातलं की ऐकतं, अनेकदा वापरता येतं, आणि आपली सगळी साधनं, सगळा अनुभव त्यावरच उभा आहे. स्टील कडक, ते परत उसळतं. ज्याच्या गॅरेजमध्ये प्रेस आहे आणि तिच्यामुळेच ज्याला हा छंद परवडतो त्याने यात पडू नये असं मला वाटतं.

दुसरी काळजी मिळण्याची. ही आपली सगळ्यात जास्त दुर्लक्ष केली जाणारी गोष्ट आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विंचेस्टरच्या आखूड मॅग्नमांची लाट आली होती, त्यातली .३०० डब्ल्यूएसएम टिकली, पण सेव्हन एमएम डब्ल्यूएसएम ज्यांनी हौसेने घेतली ते आज डबा शोधत फिरतात. रेमिंग्टनची शॉर्ट अल्ट्रा मॅग तशीच, रुगरची .३०० आरसीएम तशीच. ती काडतुसं वाईट होती का? अजिबात नाही, उत्तम होती. फक्त गिऱ्हाईक कमी पडलं आणि कारखान्याने मशीन दुसऱ्या कामाला लावलं. २०२० च्या टंचाईत तर .३०८ सुद्धा फडताळातून गायब होतं, तेव्हा नव्या नावाच्या काडतुसांना कोण विचारतो. शिकारीच्या आदल्या रात्री तुमची बॅग विमान कंपनीने हरवली आणि तुम्ही क्रेग किंवा मीकरसारख्या छोट्या गावात आहात, तर तिथल्या दुकानात थर्टी-ऑट-सिक्स, .२७०, .३०८, रेम मॅग मिळणारच. बॅककंट्री मिळेल यावर मी तरी सीझनची सुट्टी लावणार नाही. हे चित्र बदलू शकतं, पीआरसी बघा, दोन-तीन वर्षांत सगळीकडे दिसायला लागली, कारण बऱ्याच रायफल कंपन्यांनी ती उचलली. बॅककंट्री तशी उचलली गेली तर आनंदच आहे.

आता सुरक्षिततेचं, आणि हे कृपा करून नीट वाचा. बूड थर्टी-ऑट-सिक्सच्या मापाचं आहे म्हणजे जुन्या रायफलचा बोल्ट याला बसतो. बसतो म्हणून कोणी जुन्या माउझरवर किंवा सत्तरच्या दशकातल्या अ‍ॅक्शनवर (बोल्ट बसतो तो रायफलचा मधला सांगाडा) नवी बॅरल फिरवून घेण्याचा विचार करत असेल तर करू नका. ती अ‍ॅक्शन फार तर ६०-६५ हजारांसाठी घडवलेली आहे, हे ८०,००० आहे. ज्या रायफल कंपनीने स्वतः या काडतुसासाठी बनवून, तपासून, बॅरलवर नाव कोरून विकलीय तीच घ्यायची. दुसरं, रेंजवर एकाच बाकावर दोन वेगवेगळ्या सेव्हन एमएम रायफली असतील तर डबे वेगवेगळ्या टोकांना ठेवा आणि एका वेळी एकच उघडा. सेव्हन एमएम म्हटलं की सगळं एकच अशी नव्या माणसाची समजूत असते, रेम मॅगच्या ढिल्या चेंबरमध्ये हे सडपातळ काडतूस गेलं आणि बार झाला तर पुंगळीला आधार राहणार नाही, पुढे काय होईल त्याची कल्पनाच नको. आम्ही त्या दिवशी नेमक्या याच दोन रायफली घेऊन बसलो होतो, आणि एक रायफल कव्हरमध्ये बंद झाल्याशिवाय दुसऱ्याचा डबा उघडायचा नाही असं आधीच ठरवलं होतं.

मग घ्यायचं कोणी? माझ्या डोळ्यासमोर एक माणूस येतो. त्याच्याकडे अजून एल्क रायफल नाही. सप्रेसर त्याने घेतलाय किंवा घेणार हे पक्कं आहे. दाट जंगलात, चढावर, पायी फिरणारा आहे. आणि वर्षाला काडतुसांवर पाचसहाशे डॉलर गेले तरी घरात वाद होणार नाही अशी त्याची परिस्थिती आहे, शिवाय सरावासाठी त्याच्याकडे एखादी साधी .२२३ किंवा .३०८ आहे, म्हणजे अंगातली सवय स्वस्तात लागते आणि मोठीवर फक्त खात्री करायची. अशा माणसाने आनंदाने घ्यावी, त्याला आज बाजारात याच्यापेक्षा जास्त जमून आलेलं काही मिळणार नाही. गोळी घेताना मी टर्मिनल असेंटच सुचवेन, तिचा मागचा भाग भरीव तांब्याचा आणि शिसं पुढे, सांधलेलं, त्यामुळे जवळून लागली तरी चिंधड्या होत नाहीत आणि लांबवर वेग मंदावला तरी फुलते. सरावाला फ्युजन टिप्ड. फक्त दोन्हींचा झिरो वेगळा येऊ शकतो, तो कागदावर तपासून स्कोपच्या टोपणाला चिठ्ठी चिकटवा.

सप्रेसर नको असेल पण नवीन रायफल हवीच असेल तर सेव्हन एमएम पीआरसी २४ इंचात घ्या, वेग तोच, डबे स्वस्त, पितळ परत भरता येतं. आणि जुनी रेम मॅग असेल तर ती विकू नका. १९६२ पासून तिने इथली डोंगरदऱ्यांतली किती घरं जेवू घातलीत. नव्या रायफलचे जे हजार-दीड हजार डॉलर वाचतील त्यातून चांगल्या बाँडेड (सांधलेल्या शिशाच्या) गोळ्या, चांगला रेंजफाइंडर आणि चांगले बूट घ्या, शिवाय एखादा वीकएंड लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या क्लासला जा. त्याने तुमची शिकार खरोखर सुधारेल.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी राहिल्या. एच-१बी किंवा तत्सम नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर इथला केंद्रीय कायदा तुम्हाला बंदूकच नव्हे, काडतुसं बाळगायलाही मनाई करतो, वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. दुकानात फॉर्म ४४७३ भरताना हे सगळं विचारतात, तिथे अंदाजाने खुणा करू नका, लायसन्सची मुदत कधी संपते ते बघा, शंका असेल तर आधी वकिलाला विचारा, एका डब्यापायी स्टेटस धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट भारतात जाताना. रेंजला नेलेली सॅक, शिकारीचं जॅकेट, लहान मुलांनी खेळायला उचललेली चंदेरी पुंगळी, यातलं काहीही मुंबई किंवा पुण्याच्या विमानात नेऊ नका. चुकून राहिलेलं एक जिवंत काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होतो, आणि मग तीन आठवड्यांची सुट्टी पोलीस स्टेशन आणि कोर्टात जाते. रिकामी पुंगळी दिसली तरी चौकशी आलीच. मी तर शिकारीची बॅग प्रवासाला वापरतच नाही, आणि कोणाला वापरायचीच असेल तर अस्तराची शिवण, बाजूच्या जाळ्या आणि पट्ट्याखालचा तो लपलेला खिसा उलटा करून झटका, काडतूस नेमकं तिथेच जाऊन बसतं.